विश्लेषण : ‘झोपलेला’ लॅपटॉप पुन्हा जागा का होत नाही? हा दोष शोधणे इतके अवघड का?

लॅपटॉपचे झाकण उघडले, पंखा फिरू लागला, कीबोर्डचा दिवाही लागला; स्क्रीन मात्र काळीच. अखेर पॉवरचे बटण दाबून धरावे लागते आणि सेव्ह न केलेले काम जाते. कधी उलटे होते. झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप सकाळी गरम झालेला आणि बॅटरी संपलेली. अशा वेळी संशय हार्डवेअरवर जातो. पण दोष अनेकदा सॉफ्टवेअरमध्ये, त्यातही एखाद्या ड्रायव्हरमध्ये असतो. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा कोड सर्वांसाठी खुला असल्याने त्यात हे दोष कसे शोधले जातात, हे पाहता येते.

‘स्लीप’ म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या ‘स्लीप’मध्ये संगणक पूर्ण बंद होत नाही. प्रोसेसर आणि बहुतेक उपकरणांचा वीजपुरवठा तोडला जातो, रॅमला मात्र थोडी वीज मिळत राहते. त्यामुळे उघडलेली कामे जशीच्या तशी टिकतात. यासाठी कार्यप्रणाली आणि फर्मवेअर यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे ‘एसीपीआय’ हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये जाहीर केले.

उपकरणांचा क्रम महत्त्वाचा का?

लिनक्स आधी सर्व प्रोग्रॅम गोठवते. मग एकेका उपकरणाचा ड्रायव्हर आपल्या उपकरणाची स्थिती नोंदवून ते बंद करतो. यूएसबी कीबोर्ड ज्या कंट्रोलरला जोडलेला आहे, तो आधी बंद झाला तर कीबोर्डपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच उरत नाही. म्हणून आधी कीबोर्ड, मग कंट्रोलर. जागे होताना क्रम नेमका उलटा. काही नाती मात्र अशी सरळ नसतात. एखाद्या उपकरणाला लागणारी वीज भलतीच चिप पुरवत असते. अशी अवलंबित्वे नोंदवण्यासाठी २०१७ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१० आवृत्तीत ‘डिव्हाइस लिंक’ ही सोय जोडण्यात आली. लिनक्सच्या ऊर्जा व्यवस्थापन विभागाची देखरेख करणारे राफाएल विसोत्स्की यांनी ती तयार केली.

चुका कोठे होतात?

काही चुका वारंवार दिसतात. वीज गेल्यावर उपकरणातील सेटिंग पुसली जाते, पण जागे होताना ती पुन्हा भरायची राहून जाते. वायफाय ‘दिसते’ पण जोडले जात नाही, त्यामागे असे कारण असू शकते. दुसरी चूक म्हणजे बंद झालेल्या उपकरणाकडे उत्तर मागणे. मग सगळी यंत्रणा ताटकळत राहते. तिसऱ्या प्रकारात एकच ड्रायव्हर ‘मी आत्ता झोपू शकत नाही’ असे कळवतो आणि संपूर्ण प्रक्रिया रद्द होते. झाकण मिटलेले, पण लॅपटॉप जागाच!

दोष शोधणे अवघड का?

एरवी प्रोग्रॅम बिघडला की स्क्रीनवर संदेश येतो, डिस्कवर नोंद होते. इथे बिघाडाच्या क्षणी स्क्रीन आणि डिस्क दोन्ही झोपलेल्या असतात. सक्तीने रीस्टार्ट केले, की रॅममधील खुणाही पुसल्या जातात.

यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये अफलातून तोडगा काढला. संगणक बंद असतानाही त्यातील एक घड्याळ चालूच असते. जागे होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर त्या टप्प्याचा सांकेतिक क्रमांक तारीख-वेळेच्या रूपात त्या घड्याळात लिहायचा. यंत्रणा अडकली, की सुमारे तीन मिनिटांच्या आत रीस्टार्ट करायचे. घड्याळातील वेळेवरून अडकल्याचे ठिकाण आणि संशयित उपकरण यांचा माग लागतो. याची किंमत एवढीच की नंतर संगणकाची तारीख चुकीची दिसते.

दुसरा मार्ग टप्प्याटप्प्याने तपासण्याचा. फक्त प्रोग्रॅम गोठवून पाहायचे, मग उपकरणे बंद करून पाहायचे. प्रत्येक वेळी यंत्रणा पाच सेकंद थांबून परत येते. ज्या टप्प्यावर ती परतत नाही, तिथे दोष.

जुन्या आवृत्तीत सगळे ठीक होते आणि नव्या आवृत्तीत बिघडले, तर बदल निम्मे-निम्मे करत तपासले जातात. या पद्धतीने हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. पण पन्नासात एकदाच होणारा बिघाड इथेही चकवतो. म्हणून घड्याळाचा गजर लावून यंत्र रात्रभर शेकडो वेळा झोपवले-उठवले जाते.

रात्रीत बॅटरी का संपते?

अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असते. त्यात प्रोसेसरची वीज तुटत नाही. तो फोनसारखा अतिशय कमी विजेवर थांबतो. त्यासाठी सगळ्या भागांनी शांत होणे आवश्यक असते. एखादा भाग जागा राहिला तरी चिप सर्वांत खोल अवस्थेत जाऊ शकत नाही. बाहेरून लॅपटॉप झोपलेला दिसतो, आत मात्र बॅटरी संपत असते.

वापरकर्त्यांनी काय करावे?

- बायॉस आणि ड्रायव्हर अद्ययावत ठेवावेत.
- बाहेरून जोडलेली उपकरणे एकेक करून काढून पाहावीत. दोषी उपकरण अनेकदा असेच सापडते.
- मॉडर्न स्टँडबाय असलेल्या विंडोज लॅपटॉपमध्ये ‘स्लीप स्टडी’ अहवाल, तर लिनक्समध्ये कर्नलच्या नोंदी तपासाव्यात.
- लॅपटॉप बराच वेळ बॅगेत राहणार असेल, तर ‘हायबरनेट’ किंवा पूर्ण बंद करणे सुरक्षित.
- तक्रार करताना लॅपटॉपचे मॉडेल, आवृत्ती आणि कोणत्या अद्ययावतीनंतर त्रास सुरू झाला, हे जरूर लिहावे. ‘लॅपटॉप उठत नाही’ एवढ्या वाक्यावरून दोष सापडत नाही. तोच लॅपटॉप आधीच्या आवृत्तीत नीट उठत होता, ही एक माहितीही शोधाचे बरेच दिवस वाचवू शकते.