परवाना, दिवा आणि वही

मराठीत परवाना म्हटलं की डोळ्यांपुढे सरकारी कचेरी उभी राहते. दुकानाचा परवाना, वाहनाचा परवाना. आमच्या घरात मात्र या शब्दाचा पहिला अर्थ वेगळा होता. कपाटात उर्दूची पुस्तकं होती, आणि उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. शमा जळते आणि परवाना तिच्यावरून जीव ओवाळून टाकतो. फारसी-उर्दू कवींनी ही जोडी शेकडो वर्षं मिरवली. मी मराठीत लिहू लागलो तेव्हा मीही ती बिनदिक्कत उसनी घेतली. माझ्या पहिल्या संग्रहात तीन कवितांमध्ये पतंग जळतो. त्यांतल्या एकाही पतंगाकडे मी कधी नीट पाहिलेलं नव्हतं.

पाहणं सुरू झालं ते पाच-सहा वर्षांपूर्वी, मेच्या अखेरीस. मिरजेत आमच्या घरामागे छोटी परसबाग आहे. कण्हेर, तगर, लिंबू, पपई, नळाच्या ओलीवर वाढलेलं आळू, एवढीच. त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झोडपून गेला. गेलेली वीज तासाभरानं आली आणि मागच्या पडवीतल्या दिव्याभोवती ही झुंबड उडाली. पंख फुटलेली वाळवी होती, हुमणीचे भुंगेरे होते, आणि भिंतीवर एक पतंग शांत बसलेला. हिरव्या संगमरवरावर कुणी गुलाबी रंग ओतावा तसा. शोध घेतल्यावर कळलं, हा कण्हेरीवरचा पतंग. कण्हेर, तगर अशा झाडांची पानं खाऊन त्याची अळी मोठी होते. म्हणजे पाहुणा कुठून आला नव्हता, तो आमच्याच घरचा होता.

उन्हाळा सरता सरताच ही गर्दी का होते? पतंगांच्या कितीतरी जाती कडक उन्हाळा मातीत किंवा पालापाचोळ्यात कोषाच्या रूपात काढतात. वळवानं माती ओली झाली, हवेत दमटपणा आला, झाडांना कोवळी पालवी फुटू लागली, की कोष उकलतात. अळ्यांना खायला मिळेल अशा वेळी अंडी घालता यावीत, हा त्यामागचा हिशेब. पतंगांचा संसार अफाट आहे. जगात फुलपाखरांच्या जाती अठरा हजारांच्या आसपास, तर पतंगांच्या सुमारे १,६०,००० नोंदल्या गेल्या आहेत. एकट्या भारतात त्या दहा हजारांहून जास्त आहेत. दोघांतला फरक ओळखायला मिशा पाहाव्यात. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी बहुधा दोऱ्यासारखी निमुळती, नाहीतर पिसासारखी.

पतंग पकडायला जाळं घेऊन धावावं लागत नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरी सुती चादर टांगायची आणि तिच्यापुढे दिवा लावायचा. पतंगांना अतिनील प्रकाश जास्त जाणवतो. हल्लीच्या एलईडी दिव्यात तो फारसा नसतो, म्हणून अभ्यासक अतिनील प्रकाशाची खास ट्यूब वापरतात. तिच्याकडे मात्र एकटक पाहू नये, डोळ्यांना अपाय होतो. दुसरा प्रकार सापळ्याचा. बादलीच्या तोंडावर मोठं नरसाळं बसवायचं, त्यावर दिवा, आणि बादलीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. दिव्याशी घोटाळलेला पतंग नरसाळ्यातून आत घसरतो आणि ट्रेच्या खळग्यात अंग चोरून बसतो. ना विष, ना टाचणी. सकाळी एकेक ट्रे उचलायचा, शेजारी पट्टी धरून फोटो काढायचा आणि पतंग सोडून द्यायचा.

या सोडून देण्यातच माझ्या हातून पहिली चूक झाली. पहिल्या वर्षी मी चादर रात्रभर तशीच ठेवली आणि उजाडल्यावर उठलो. तोवर बुलबुल आणि दयाळ येऊन गेले होते. चादरीखाली नुसते पंख पडलेले. त्यांत हिरवा-गुलाबी एक होता. पक्ष्यांना काय दोष द्यायचा? ताट मीच वाढून ठेवलं होतं. तेव्हापासून दिवा साडेसातला लागतो आणि दहाच्या आत बंद होतो. सापळ्यात कुणी असलंच तर पहाटेच्या अंधारात त्याला आळूच्या पानांखाली, दाट सावलीत सोडायचं. जागाही रोज बदलायची, कारण पाखरं चाणाक्ष असतात, ठिकाण लक्षात ठेवतात.

नोंदीसाठी साधी दोनशे पानी वही पुरते. तारीख, वेळ, तिथी, पाऊस, वारा, दिव्याचा प्रकार, मग जात आणि संख्या. तिथी अशासाठी, की चांदण्या रात्री दिव्यावर पतंग कमी येतात, अमावास्येच्या आसपास जास्त. नाव कळलं नाही तर वर्णन लिहावं. माझ्या वहीत ‘राखाडी, कानशिलावर पांढरा ठिपका’ अशी वर्णनं नावांपेक्षा जास्त आहेत. एकही पतंग आला नाही तर तेही लिहावं. रिकामी रात्र ही सुद्धा नोंदच असते. तोच दिवा, तीच जागा, तेवढाच वेळ, हे वर्षानुवर्षं पाळलं तर त्या वहीला किंमत येते. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १९३३ मध्ये दिव्याच्या सापळ्यात सापडणारे पतंग रोज मोजायला सुरुवात झाली. पुढे देशभर असे सापळे बसवण्यात आले. त्या नोंदींमुळेच कळलं, की ब्रिटनमध्ये १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत मोठ्या पतंगांची संख्या सुमारे ३३ टक्क्यांनी घटली. मोजलं नसतं तर घटलेलं कळलंही नसतं.

‘कविराज, ही पाखरं मोजून मिळतं काय?’ असं शेजारचे एक शेतकरी मित्र मला थट्टेनं विचारत. एका रात्री त्यांना चादरीवरचा एक करडा पतंग दाखवला. पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढुरका डाग होता. हा अमेरिकन लष्करी अळीचा नर. ही अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी आपल्याकडच्या मक्यात शिरली. हा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत मजल मारू शकतो. मित्रांचा चेहरा बदलला. ‘मग सोडता कशाला? चिरडा की!’ त्यांचा मका गेलेला मी पाहिला होता, त्यामुळे मला पटकन उत्तर देता आलं नाही. तो एक पतंग आम्ही सोडला नाही, हे कबूल करतो. पण एक मारून पीक वाचत नाही. पतंग कधी दिसू लागले ही तारीख हाती असली, तर पोंग्यात अळी शोधायला वेळेवर शेतात जाता येतं. उन्हाळी नांगरटीचा सल्ला देतात तोही याचसाठी. मातीतले कोष उघडे पडतात, त्यांना ऊन आणि पक्षी मिळून संपवतात. आता ते मित्र पाऊस पडला की स्वतःच फोन करतात : ‘आला का आमचा पाहुणा?’

पण सगळे पतंग शत्रू नव्हेत. त्याच चादरीवर पपईच्या फुलांचं परागीभवन करणारे पतंग येतात. ज्या अळ्यांवर बुलबुलाची पिल्लं वाढतात, त्यांचे आईबापही येतात. विदर्भातलं टसर रेशीम तर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या पतंगाच्या कोषातूनच निघतं.

आता माझ्या तीन कवितांकडे येतो. पतंग दिव्याभोवती का फिरतो? ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये याविषयी एक संशोधन प्रसिद्ध झालं. शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी पतंगांची, चतुरांची उड्डाणं टिपली. दिसलं ते असं, की पतंग दिव्याकडे तोंड करून झेप घेत नाही. तो दिव्याकडे पाठ करतो. लाखो वर्षं रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा आकाशच उजळ राहिलं आहे. उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सरळ उडतोय, हे कीटकाच्या अंगात मुरलेलं आहे. जवळचा दिवा त्याला आकाश वाटतो. त्याच्याकडे पाठ करायला तो कलंडतो, पुन्हा कलंडतो, आणि घिरट्या सुरू होतात. दिव्याच्या वरून गेला तर उलटा होऊन खाली कोसळतो. यात प्रेम नाही, बलिदानही नाही. वर कुठे आणि खाली कुठे हेच त्याला कळेनासं झालेलं असतं.

गंमत म्हणजे त्या प्रयोगात एका पतंगानं हा नियम पाळला नाही. तो दिव्यावरून सरळ उडून गेला. तो होता आपला कण्हेरीवरचा, माझ्या भिंतीवर बसला होता तोच.

हे वाचलं त्या रात्री मला दादी आठवली. कंदिलावर पाखरं जमली, की ती वात बारीक करायची आणि म्हणायची, ‘बिचारी वाट चुकलीत, त्यांना जाऊ द्या.’ तिला वाचता येत नव्हतं. मी बी. ए. झालो, संग्रह काढले, आणि जळणाऱ्या पतंगावर टाळ्या घेत राहिलो. त्या कविता मी फाडल्या नाहीत. मुशायऱ्यात कुणी फर्माईश केली तर आजही वाचतो, पण वाचून झाल्यावर पतंगाची ही खरी हकीगत सांगतो.

यंदाही वळीव येईल. एखादी रात्र चादर टांगून पाहा, पोराबाळांना जवळ घ्या, वही उघडा. माझ्या वहीत आता एक रकाना वाढला आहे, तेवढा तुम्हीही आखा : दिवा किती वाजता बंद केला.