मोजले खरे, पण काय मोजले?

सोलापुरात राहणाऱ्याला यंत्रमागाचा खडखडाट नवीन नाही. धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला की कापडात एक आडवा धागा पडतो. व्यवसायात त्याला ‘पिक’ म्हणतात. पिक मोजणारे छोटे यंत्र मागाला लावले, की पाळीअखेर आकडा वाचून किती विणले ते कळते. पण धागा तुटून माग किती वेळ उभा राहिला, बाण्याचे सूत वेळेवर आले की नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी वेगळी मोजणी लागते. आणि कोणता आकडा नेमके काय सांगतो, हे कुठेतरी लिहिलेलेही लागते. आज मला बोलायचे आहे ते संगणकातल्या अशाच मोजणीविषयी आणि ती समजावून लिहिण्याच्या कामाविषयी.

प्रोसेसरच्या चिपमध्येच काही मोजणीयंत्रे असतात. घड्याळाचे ठोके किती पडले, आज्ञा किती पूर्ण झाल्या, हवी ती माहिती प्रोसेसरजवळच्या छोट्या स्मृतीत, म्हणजे ‘कॅश’मध्ये, किती वेळा सापडली नाही, हे ती मोजतात. समजा, हजार ओळी आणि हजार रकान्यांच्या तक्त्याची बेरीज करायची आहे. एका प्रोग्रॅमने ती ओळीने केली, दुसऱ्याने रकान्याने. आज्ञांची संख्या जवळपास सारखीच. पण तक्ता स्मृतीत ओळीने मांडलेला असेल, तर दुसऱ्याला माहिती लांबून आणावी लागते आणि तो रेंगाळतो. वरवर पाहून कारण कळत नाही. कॅश चुकल्याचा आकडा ते दाखवतो.

इंटेलने १९९३ साली पेंटियम प्रोसेसर आणला, तेव्हा त्यात अशी दोन मोजणीयंत्रे होती. पण त्यांची माहिती गुप्ततेचा करार करणाऱ्यांनाच मिळे. नॉर्वेच्या तेर्ये माथिसेन यांनी प्रयोग करून ती शोधली आणि १९९४ साली ‘बाइट’ मासिकात लिहिली. वस्तू विकत घेतलेली, मोजणीयंत्र आत बसवलेले, पण वाचायचे कसे ते ठाऊक नाही, अशी ती अवस्था होती.

लिनक्समध्ये गोष्ट वेगळी. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, सर्वांना वाचायला खुला असतो. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी २००८ च्या अखेरीस मोजणीयंत्रांसाठी नवी व्यवस्था मांडली आणि २००९ साली ती गाभ्यात आली. ‘पर्फ इव्हेंट ओपन’ ही एकच हाक द्यायची, काय मोजायचे ते सांगायचे आणि आकडा घ्यायचा. मात्र या हाकेबरोबर द्यायच्या अर्जात डझनावारी रकाने होते, आणि सोबत होते थोडेसे टिपण. बाकीचे मूळ प्रोग्रॅम वाचून ताडायचे. अमेरिकेतील मेन विद्यापीठाचे व्हिन्स वीव्हर यांनी एकेक रकाना तपासून त्याचे सविस्तर माहितीपान लिहिले. ते २०१२ साली लिनक्सच्या अधिकृत माहितीपानांत समाविष्ट झाले.

कुणी म्हणेल, प्रोग्रॅम खुला असताना पानाची गरज काय? एक उदाहरण देतो. चिपमध्ये मोकळी मोजणीयंत्रे चार आहेत आणि आपण सहा गोष्टी मोजायला सांगितल्या. गाभा नकार देत नाही. तो पाळीपाळीने मोजतो. दोन मागांवर एकाच माणसाने आलटून पालटून नजर ठेवावी, तसे. दहा सेकंदांपैकी पाचच सेकंद मोजणी झाली आणि आकडा चाळीस लाख आला, तर पूर्ण काळाचा अंदाज ऐंशी लाख धरायचा. किती वेळ मागितला आणि किती वेळ प्रत्यक्ष मोजले, हे दोन्ही गाभा सांगतो, पण विचारले तरच! हे ज्याला माहीत नाही, तो चाळीस लाखांवर विश्वास ठेवून निष्कर्ष काढील. ज्याला माहीत आहे, तोही ऐंशी लाख हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे ध्यानात ठेवील.

दुसरे उदाहरण सुरक्षिततेचे. याच हाकेत २०१० साली एक दोष शिरला होता. घटनेचा क्रमांक चौसष्ट बिटांचा. पण तपासणीच्या वेळी तो बत्तीस बिटांच्या जागेत घेतला जाई. क्रमांक मुद्दाम चमत्कारिक दिला, तर तो ऋण ठरून तपासणीतून सुटे. यातून साध्या वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राचा ताबा मिळू शकत होता. वेड्यावाकड्या मागण्या करून पाहणाऱ्या एका चाचणी प्रोग्रॅममुळे २०१३ साली हा दोष उघडकीला आला आणि दुरुस्त झाला. पुढे वीव्हर यांनी खास या हाकेसाठी तसाच चाचणी प्रोग्रॅम तयार केला, त्यातून आणखी दोष सापडले. काय मागता येते हे नीट लिहिलेले असले, म्हणजे काय मागता येऊ नये हेही तपासता येते.

सी-डॅकने पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली ‘परम ब्रह्म’ आला. अशा महासंगणकावरचा वेळ अनेक संशोधक वाटून घेतात. एकाचा प्रोग्रॅम रेंगाळला, तर दुसऱ्याची पाळी लांबते आणि वीज जळते ती वेगळीच. सोलापुरातून संगणक शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना म्हणूनच माझे सांगणे असते की, नुसता आकडा आणू नका. तो कशाचा, किती वेळाचा आणि प्रत्यक्ष मोजलेला की अंदाजाने वाढवलेला, ते शेजारी लिहा. माहितीपान लिहिण्याचे काम कुणाला दुय्यम वाटेल. मला तसे वाटत नाही. मोजणीयंत्र चिपमध्ये असते. त्याच्या आकड्याला अर्थ मात्र त्या पानामुळे येतो.