एका 'लाइन'च्या किती लाइनी!

जबलपूरला रिक्षावाल्याला 'सिव्हिल लाइन्स' सांगा, तो तुम्हाला इंग्रजांच्या काळात वसलेल्या वस्तीत नेईल. 'छोटी लाइन फाटक' म्हणालात, तर मात्र कुठली लाइन, असं विचारावंसं वाटेल. ती होती नैनपूर, बालाघाटवरून गोंदियाला जाणारी नॅरोगेज. रुळांमधलं अंतर जेमतेम 762 मिलिमीटर. जबलपूरहून विदर्भातल्या माहेरी जायची ही संथ, पण हक्काची वाट. 2015 मध्ये ती बंद झाली, पुढे ब्रॉडगेज आली. फाटकाचं नाव तेवढं 'छोटी लाइन'च राहिलं.

आपल्याकडे हा शब्द काय काय करतो बघा! रेशनला लाइन लागते, फोनची लाइन कट होते, विदर्भात वीज गेली की 'लाइन गेली', बहकलेला मुलगा 'लाइनीवर येतो'. कॉलेजात लाइन मारतात, पण ते आजीसमोर नको! 'डेडलाइन'चा जन्म मात्र भीषण. अमेरिकी यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात आखलेली ही हद्द ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत.

आणि मूळ? लॅटिनमध्ये जवस म्हणजे 'लिनम'. त्याच्या धाग्याची दोरी ती 'लिनिया', तिचीच इंग्रजीत 'लाइन' झाली. लिनन कापड याच घराण्यातलं. तुमच्या पानातली जवसाची चटणीसुद्धा!