अल्पमोली पेडल स्टील गिटार : जुळणी आणि मूल्यमापन

प्रस्तावना :

अमेरिकेच्या कंट्री संगीतात गायकाच्या आवाजामागून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात विरघळत जाणारा जो आर्त नाद ऐकू येतो, तो पेडल स्टील गिटार या वाद्याचा होय. या वाद्याचे मूळ हवाई बेटांत आहे. तारांवर पोलादी दांडी सरकवून गिटार वाजविण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. ही पद्धत भारतातही रुजली. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्हॅन शिप्ले व हजारा सिंग यांची हवाइयन गिटार जुन्या श्रोत्यांच्या परिचयाची आहे. अमेरिकेत मात्र याच वाद्याला पाय जोडले गेले, पेडले आली व पुढे गुडघ्याने सरकविण्याच्या तरफाही आल्या. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबले. जीवेतील एक स्वर स्थिर राहतो आणि दुसरा त्याच्या शेजारून वर चढतो, हा परिणाम तेव्हापासून या वाद्याची ओळख ठरला.

हे वाद्य महाग आहे. व्यावसायिक दर्जाच्या नव्या वाद्यास काही हजार डॉलर पडतात, म्हणून विद्यार्थ्यांसाठी कमी किमतीचे नमुने निघत आले. शो-बड कंपनीचे १९७० च्या दशकातील 'मॅव्हरिक' आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आलेले 'कार्टर स्टार्टर' ही त्यांपैकी ठळक नावे. दोन्ही कंपन्या आज नाहीत. त्यांची वाद्ये मात्र हातोहात फिरत आहेत. साठवलेल्या पैशांतून असे वाद्य घेणाऱ्या नवशिक्याची खरी अडचण किमतीची नसते. वाद्य बेसूर वाजले तर दोष यंत्राचा की स्वतःच्या कानाचा, हे त्याला ठरविता येत नाही. बहुधा तो स्वतःलाच दोष देतो व शिकणे सोडून देतो. हा निवाडा कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

वाद्याची घडण :

प्रचलित वाद्यास दहा तारा असतात व त्या 'ई नाइन्थ' या पद्धतीने लावल्या जातात. वादकापासून दूरच्या तारेपासून आरंभ केल्यास स्वर असे : एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. पहिले (ए) पेडल पाचव्या व दहाव्या तारेचा बी चढवून सी शार्प करते. दुसरे (बी) पेडल तिसऱ्या व सहाव्या तारेचा जी शार्प ए वर नेते. तिसरे (सी) पेडल चौथ्या तारेचा ई एफ शार्पवर आणि पाचव्या तारेचा बी सी शार्पवर नेते. गुडघ्याच्या तरफांपैकी दोन अत्यावश्यक मानल्या जातात. एक चौथ्या व आठव्या तारेचा ई अर्ध्या स्वराने चढविते, दुसरी तोच स्वर अर्ध्याने उतरविते.

पेडल दाबले की उभी सळई खाली ओढली जाते, पेटीखालील आडवा दंड फिरतो, त्यावरची कोनी तरफ लांब सळई ओढते आणि उजव्या टोकाच्या 'चेंजर' या भागातील त्या तारेचे 'बोट' कलते. तार या बोटावरूनच गेलेली असल्याने तिचा ताण वाढतो. यात गूढ काही नाही. सायकल दुरुस्त करू शकणाऱ्या माणसाला पेटी उलटी करून हे सर्व समजू शकते, आणि तसे ते समजून घ्यावे.

ताणाचे गणित मात्र ध्यानात घ्यायला हवे. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून एक पूर्ण स्वर चढविण्यासाठी ताण सुमारे सव्वापट करावा लागतो. चोवीस इंच लांबीच्या वाद्यावर ०.०१७ इंच जाडीची पाचवी तार बी या स्वराला सुमारे साडेदहा किलो ताण घेते आणि पेडल दाबताच तो तेराच्या पुढे जातो. तिसरी तार केवळ ०.०११ इंच जाडीची असून ए स्वराला तिच्यावर सुमारे चौदा किलो ताण येतो. पोलादाच्या सहनशक्तीच्या मर्यादेपासून हा आकडा फार दूर नाही. म्हणूनच या वाद्याची तिसरी तार वारंवार तुटते आणि ती तुटणे हा वाद्याचा दोष नव्हे. तुटण्याची जागा प्रत्येक वेळी चेंजरवरच येत असेल, तर मात्र बोटाच्या माथ्यावर खाच पडली आहे का, हे पाहावे.

वाद्य उभे करणे :

बसल्यावर मांड्या पेटीखाली मोकळ्या राहतील आणि टाच जमिनीवर ठेवून डाव्या पायाने पेडल पूर्ण दाबता येईल, इतकी पायांची उंची असावी. पहिली दोन पेडले पाऊल किंचित कलवून एकत्र दाबायची असतात, त्यामुळे ती समपातळीत हवीत. गुडघ्याच्या तरफा गुडघ्यांच्या जवळ असाव्यात, पण सहज बसले असता त्यांना स्पर्श होऊ नये. उजवा पाय आवाज-नियंत्रक पेडलासाठी राखलेला असतो. एवढ्या गोष्टी बिघडल्या तरी पुष्कळांची पाठ दुखू लागते आणि रियाज कमी होतो.

सूर लावणे :

सध्याच्या बहुतेक वाद्यांत मोकळी तार खुंटीने लावतात आणि पेडलाचा स्वर चेंजरच्या टोकाशी असलेल्या नायलॉनच्या षट्कोनी नटाने लावतात. क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. प्रथम सर्व नट इतके सैल करावेत की पेडल मोकळे असताना प्रत्येकात किंचित ढिलाई राहील. नंतर मोकळ्या तारा लावाव्यात आणि शेवटी एकेक पेडल दाबून चढलेला स्वर लावावा. नवशिका नेमके उलटे करतो. चढलेला स्वर कमी पडला म्हणून तो नट आवळतो. आवळलेला नट मोकळ्या तारेलाच ओढून धरतो. मग तो खुंटी उतरवितो, आणि हे चक्र चालूच राहते. असे वाद्य 'सुरात राहत नाही' म्हणून विकले जाते.

दुसरा प्रश्न कोणत्या सुरात लावायचे, हा. विद्युत् सूरदर्शकाची सुई मध्यावर आणून सर्व तारा लावल्या तर ई ते जी शार्प हे अंतर ४०० सेंट भरते. कानाला निर्दोष वाटणारे अंतर ३८६ सेंटचे असते. लांबवर घुमणाऱ्या तारांत हा चौदा सेंटचा फरक स्पंदांच्या रूपाने ऐकू येतो, म्हणून अनेक वादक जी शार्प मुद्दाम उतरता ठेवतात. याच न्यायाने ए व बी पेडले दाबून शुद्ध जीवा मिळवायची तर पाचवी तार बी पासून सी शार्पपर्यंत १८२ सेंटच चढायला हवी. हे १०/९ चे अंतर आपल्याकडील आधुनिक श्रुतिविचारात त्रिश्रुती म्हणून ओळखले जाते. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर लिहिले व पुढे श्रुती-हार्मोनियमसाठी खटपट केली. पेटीच्या ठरीव पट्ट्यांशी त्यांनी घातलेला वाद नॅशव्हिलचा वादक नट फिरवून रोज सोडवितो, असे म्हणावयास हरकत नाही.

मूल्यमापन :

वाद्य पाहताना चमक व लाकूड यांना शेवटचे स्थान द्यावे. पहिली कसोटी परतीची. आठवी तार सूरदर्शकावर पाहून उतारची तरफ दाबावी, सोडावी आणि सुई मूळ जागी येते का ते पाहावे. नंतर चढीच्या तरफेने तेच करावे. दोन्ही वेळा सुई वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर परतीची स्प्रिंग ढिली आहे किंवा चेंजरच्या आसाशी जुने तेल व मळ घट्ट झाले आहेत. हा दोष साफसफाईने पुष्कळदा जातो, त्यामुळे तो भावाची घासाघीस करण्यास उपयोगी, सौदा मोडण्यास नव्हे.

दुसरी कसोटी पेटीच्या ताठरपणाची. चौथी तार वाजवून ए व बी पेडले एकत्र दाबावीत. या पेडलांचा चौथ्या तारेशी काहीही संबंध नाही, तरीही तिचा स्वर किंचित उतरतो. दहा तारांचा मिळून शंभर किलोहून अधिक ताण पेलणारी पेटी पेडलांच्या ओढीने सूक्ष्मशी वाकते. तिकडचे वादक यास 'कॅबिनेट ड्रॉप' म्हणतात. महागड्या वाद्यांतही ही घसरण असते. दोन-तीन सेंट सहसा जाणवत नाहीत. दहाच्या आसपास गेल्यास जीवा बेसूर होते आणि तो दोष लाकडाच्या व जोडणीच्या पातळीवरचा असल्याने दुरुस्त होणे कठीण. अशा वाद्यास नकार द्यावा.

तिसरी, तारांचे माथे एका पातळीत आहेत का. खुंट्यांजवळ, तारा ज्या लहान चाकांवरून जातात तिथे पोलादी दांडी आडवी ठेवून प्रकाशाकडे पाहावे. स्वस्त वाद्यांत सर्व चाके एकाच मापाची असतील तर जाड तारा वर राहतात, दांडीखाली बारीक तारा खणखणतात आणि नवशिका दांडी अधिकाधिक दाबू लागतो.

शेवटी तरफांची संख्या. मॅव्हरिकला तीन पेडले व एकच गुडघा-तरफ होती. ई चढविणारी तरफ असेल तर जी ची मेजर जीवा तिसऱ्या, सहाव्या व दहाव्या पडद्यावर मिळते. ती नसेल तर सहाव्या पडद्याची जागा नाहीशी होते आणि उपलब्ध धड्यांपैकी बराच भाग वाजविताच येत नाही. तसेच चौथ्या तारेस दोन निरनिराळे चढ लागतात, तरफेने एफ पर्यंत व सी पेडलाने एफ शार्पपर्यंत. काही जुन्या, साध्या चेंजरमध्ये एका तारेस एकच चढ देता येतो; तेथे या दोहोंपैकी एकावर पाणी सोडावे लागते. याउलट चेंजरच्या बोटांत सळईसाठी रिकामी छिद्रे असतील, तर कमी तरफांचे वाद्यही घेण्याजोगे ठरते, कारण राहिलेली तरफ पुढे पैसे जमतील तेव्हा बसविता येते.