पार्किन्सन ‘पसरतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

अर्धापूरहून बोलतोय. मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. आजोबांना पार्किन्सन आहे. व्हिडिओत कुणीतरी सांगितलं की हा रोग मेंदूत पसरतो, तेव्हापासून घरात त्यांचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवलाय. त्याचा प्रश्न होता, ‘दादा, हे आम्हाला पण लागतं का?’

नाही लागत. तांब्या एक करा, हात धरून त्यांना फिरवून आणा. आता ‘पसरतो’ म्हणजे काय ते बघू.

आपल्या मज्जापेशींच्या टोकांशी अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन असतं. 140 अमिनो ॲसिडची माळ, एरवी सुतळीसारखी सैल. काही वेळा ही सुतळी चुकीच्या घडीत बसते, दुसरीला चिकटते, आणि थरावर थर चढून कडक तंतू तयार होतो. लेवी नावाच्या डॉक्टरला 1912 साली मेंदूत गोळे दिसले होते. ते मुख्यतः याच प्रोटीनचे आहेत, हे कळायला 1997 उजाडलं.

आपण केळीवाले, त्यामुळं पिकलेल्या केळ्याचं उदाहरण लगेच सुचतं. पण तिथं गॅसमुळं शेजारचं केळ पिकतं. इथं स्पर्श लागतो, म्हणून विरजण घ्या. चमचाभर विरजणानं पातेलंभर दुधाचं दही होतं. तसा तंतूचा एक तुकडा सैल प्रोटीनला आपल्यासारखी घडी घालायला लावतो. तंतू वाढतो, तुटतो, आणि प्रत्येक तुकडा नवं विरजण बनतो. फरक एवढाच की विरजणात जिवंत जिवाणू असतात, इथं जिवंत काहीच नाही. व्हायरस स्वतःचा कोड घेऊन येतो. इथं सोर्स कोड तुमचाच, बहुतेक वेळा बरोबरही असतो, फक्त रनटाइमला आकार बिघडतो. स्टॅनली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये अशा प्रोटीनला ‘प्रायॉन’ म्हटलं तेव्हा पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढलं. 1997 ला नोबेल मिळालं.

पण पार्किन्सनमध्ये हे एका पेशीतून दुसरीत जातं कशावरून? मला सगळ्यात पटलेला पुरावा 2008 चा. काही रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या ताज्या मज्जापेशी बसवल्या होत्या. 11 ते 16 वर्षांनी, ते रुग्ण वारल्यावर तपासलं, तर त्या तरुण पेशींतही लेवीचे गोळे! पेशी दुसऱ्याच्या, वय जेमतेम दहावीतल्या पोराएवढं. म्हणजे रोग शेजारून आत आला असणार, असंच बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

त्याआधी 2003 मध्ये ब्राक यांनी नकाशा मांडला होता. गोळे आधी मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात आणि वासाच्या केंद्रात दिसतात. हाताचा कंप आणणाऱ्या भागात नंतर. म्हणून वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं हे कंपाच्या कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतं. (सगळ्यांत हाच क्रम नसतो, आणि नुसत्या बद्धकोष्ठतेवरून गुगल करत बसू नका.)

पहिलं विरजण कुठून येतं? यावर आपल्या आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाचं काम आहे. 2020 मध्ये त्यांनी दाखवलं की हे प्रोटीन आधी आमटीवरच्या तेलासारख्या थेंबांत गोळा होतं. थेंब हळूहळू घट्ट होतात आणि त्यातून तंतू निघतात.

एक अपवाद सांगायलाच हवा. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा खरा प्रायॉन रोग दूषित शस्त्रक्रियेच्या अवजारांतून, मृतांच्या ग्रंथीपासून काढलेल्या वाढीच्या हार्मोनमधून गेलेला आहे. ते हार्मोन देणं 1985 मध्ये थांबलं. ते लहानपणी घेतलेल्या ब्रिटनमधल्या मोजक्या लोकांत अल्झायमरसारखी लक्षणं दिसल्याचं 2024 मध्ये छापून आलं. पण तिथं माल थेट शरीरात टोचला होता. शेजारी बसून, जेवून, सेवा करून पार्किन्सन झाल्याचा पुरावा नाही.

लेव्होडोपाची गोळी हा प्रसार थांबवत नाही, कमी पडलेलं डोपामीन भरून देते. पण तेवढ्यानं माणूस स्वतःचं बटण स्वतः लावू शकतो, म्हणून ‘बरं तर होत नाही’ म्हणत ती मनानं बंद करू नका. ती जेवणाआधी का घ्यायला सांगतात, ते पुढच्या एपिसोडमध्ये.