फक्त ८६ चेंडू, आणि तरी बाहेर!

१ नोव्हेंबर २००७, नागोया डोम. जपानी बेसबॉलची अंतिम मालिका, म्हणजे जपान सीरिज, तिचा पाचवा सामना. चुनिची ड्रॅगन्स निप्पॉन-हॅम फायटर्सविरुद्ध १-० ने पुढे. तीही दुसऱ्या इनिंगमध्ये सॅक्रिफाइस फ्लायवर मिळालेली एकुलती एक धाव. समोरचा पिचर कोण? तर फायटर्सचा हुकमी एक्का यू दार्विश!

ड्रॅगन्सच्या पिचर दाइसुके यामाईने आठ इनिंग्जमध्ये, त्या ८६ चेंडूंत, २४ बॅटर आले तसे परत पाठवले. एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. आणखी तिघे बाद झाले की परफेक्ट गेम, जो जपान सीरिजमध्ये आजवर कुणालाच एकट्याने जमलेला नव्हता.

आणि मॅनेजर हिरोमित्सु ओचिआई यांनी त्याला चक्क बसवलं! नवव्या इनिंगला क्लोजर हितोकी इवासे आला, त्याने तिघांना गुंडाळलं आणि ड्रॅगन्स ५३ वर्षांनी विजेते झाले. यामाईच्या बोटावरचा फोड फुटला होता, हे नंतर कळलं.

तरी मला नाही पटत. सीरिजमध्ये ३-१ अशी आघाडी होती. पहिला बॅटर बेसवर पोहोचेपर्यंत तरी थांबायचं. इवासे काय, तेव्हाही आणता आला असता. (यामाईने २०१३ मध्ये नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता अख्खा सामना, टाकून हौस फेडली, पण ती लीगच्या सामन्यात.)

तुम्ही ओचिआईंच्या जागी असतात तर काय केलं असतंत? सांगा बघू.