मालमोटारीचे इंजिन: खाते किती, टिकते किती?

एक मालमोटार 10 टन माल घेऊन लिटरमागे 6 किलोमीटर जाते. दुसरी 25 टन घेऊन 4 किलोमीटर. काटकसरी कोणती? घाई करू नका! टन आणि किलोमीटर यांचा गुणाकार करा. पहिलीचे काम 60 टन-किलोमीटर, दुसरीचे 100.

1897 साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची चाचणी झाली. इंधनातील सुमारे 26 टक्के उष्णतेचे कामात रूपांतर झाले. आज मोठ्या मालमोटारींची इंजिने 45 टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहेत. दट्ट्या हवेला दाबून तिचे आकारमान सोळाव्या-अठराव्या हिश्शावर आणतो. ती इतकी तापते, की फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेटते. दाब वाढवला की इंधन वाचते. पण भागांवरचा ताणही वाढतो. म्हणून हे भाग दणकट करतात आणि इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर सावकाश चालवतात.

वाटेत इंजिन बंद पडले, तर महिन्याची बचत एका खोळंब्यात जाते. मग भरवशाचे इंजिन कसे ओळखावे? एका गाडीवरून नव्हे. सारखा माल, सारखा रस्ता आणि अनेक गाड्यांची काही वर्षांची नोंदवही हवी. विज्ञानातील तुलना अशीच करतात.